बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा गावे आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनाने थकून झोपली होती. औसा तालुक्यातील किल्लारी, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळपास आठ हजार माणसे दगावली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीने जड झालेले माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. देशभरातून आलेले ट्रक, कपड्यांचे ढीग, लष्कराचे जवान, डॉक्टरांची पथके हे सारे लोकांच्या स्मरणात आहे. नंतरच्या वर्षांबद्दल मात्र त्या मानाने फार कमी लिहिले गेले. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेला पुनर्वसन कार्यक्रम दशक संपत येईपर्यंत चालू होता. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि जवळपास दोन लाख जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. घरमालकाला समजावणे, अनुदानाचा हप्ता मिळवून देणे, गवंड्याला नवी पद्धत शिकवणे, छपरावरची माती उतरवणे अशी ही कामे होती. ज्यांनी ती केली त्यांच्याभोवती कॅमेरे नव्हते. ख्रिस्ती शिष्यत्वाविषयी लिहिताना आरंभ किल्लारीपासून करण्याचे कारण हेच, की करुणेच्या एका लाटेतून वर्षानुवर्षांचे काम कसे उभे राहते, हा प्रश्न धर्मश्रद्धेलाही तितकाच लागू आहे आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत तो जवळजवळ विचारलाच जात नाही.

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की बोलणे थेट धर्मांतरावर येते. २०११च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत, तरी त्यांच्याविषयीचा वाद एकाच घटनेभोवती फिरत राहतो. कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा घेतला, एवढेच त्यात विचारले जाते. धर्मांतरविरोधी कायद्याची मागणी करणाऱ्यांचे सारे लक्ष त्या दिवसावर असते. बाप्तिस्म्यांचे आकडे अहवालात अभिमानाने छापणाऱ्या काही ख्रिस्ती प्रचारकांचेही तसेच. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले हे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर न बोलता एकमत करून बसले आहेत, ती म्हणजे माणूस ख्रिस्ती होणे ही एका दिवसाची घटना आहे. माझे म्हणणे असे, की ही समजूत नव्या कराराला धरून नाही आणि महाराष्ट्राच्या इतिहासालाही नाही. ख्रिस्ताचे शिष्य होणे हे बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारे, बहुधा आयुष्यभर अपुरे राहणारे काम आहे. ते कोण किती निष्ठेने करते यावरच त्या दिवसाची किंमत ठरते.

शुभवर्तमानांत येशू लोकांना आपल्या मागे बोलावतो तेव्हा काय सांगतो, हे एकदा शांतपणे वाचण्यासारखे आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात त्याच्यामागे मोठा जमाव चालला आहे. एखादा पुढारी असता तर तो या गर्दीने सुखावला असता. येशू मात्र मागे वळून त्या लोकांना सांगतो, की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घातल्यावर पैसे संपतात आणि लोक हसतात. माझ्यामागे येण्यापूर्वी तुम्हीही तसा हिशेब करा. त्याच शुभवर्तमानात नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याबद्दल त्याने जे म्हटले आहे, ते कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. जो गुरू दारातच किंमत सांगतो त्याला आमिष दाखवता येणार नाही, कारण आमिषाचे सारे तंत्र किंमत झाकण्यावर उभे असते. पण याच शुभवर्तमानांत पेत्रही आहे. अटकेच्या रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा गुरूला नाकारणारा हा शिष्य पुढे पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आधार झाला. चिकाटी म्हणजे कधीही न घसरणे असा अर्थ घेतला तर पहिल्याच शिष्याची गणना करता येणार नाही. घसरल्यावर परत येणे आणि परत आल्यावर पूर्वीपेक्षा मोठी जबाबदारी उचलणे हा त्या चिकाटीचाच भाग आहे.

मराठवाड्याला या दृष्टीने एक जुने उदाहरण आहे, ते आज फारसे कोणाला आठवत नाही. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता. तो अल्पवयीन असल्याने प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले गेले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठे वादळ उठले. परत घ्यावे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते आणि त्यासाठी त्यांना स्वतःच्या समाजाचा रोष पत्करावा लागला. वृत्तपत्रे, न्यायालय, शास्त्रीमंडळी सगळे त्या एका बाप्तिस्म्यावर आणि एका न झालेल्या बाप्तिस्म्यावर तुटून पडले होते. नारायण शेषाद्रींचे पुढे काय झाले, इकडे पाहायला मग कोणाला सवड राहिली नाही. ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले, प्रामुख्याने मांग समाजात काम करू लागले आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत त्यांनी उभी केली. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात त्यासाठी जमीन मिळाली होती. १८९१ मध्ये निधन होईपर्यंत जालना हेच त्यांच्या कामाचे केंद्र राहिले. मुंबईत शिकलेला, इंग्रजीत व्याख्याने देण्याची योग्यता असलेला ब्राह्मण आयुष्याची उमेदीची दशके गावकुसाबाहेरच्या माणसांत शेती, शाळा आणि उपासना यांची घडी बसवण्यात घालवतो, ही गोष्ट १८४३च्या त्या एका दिवसापेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहे. मांग कुटुंबांनी त्यांच्या हाकेला ओ दिली ती किंमत मोजूनच. गावगाड्यातले काम आणि त्यावर मिळणारा बलुत्याचा घास तुटण्याची भीती डोक्यावर असताना नव्या उपासनेला उभे राहणे हा फुकटचा सौदा नव्हता.

मराठी वाचकाला अधिक ओळखीचे उदाहरण टिळक दांपत्याचे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंना त्या दिवसाने काय दिले, ते ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नवरा जिवंत असून दुरावला आणि चार-पाच वर्षे ताटातूट झाली. त्यानंतर त्या अहमदनगरला त्यांच्याकडे राहायला गेल्या, तेव्हाही सोवळेओवळे सोबत घेऊनच. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नाही, हा विचार त्यांच्या मनात हळूहळू रुजला आणि १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एकाच घरात शिष्यत्वाच्या दोन चाली दिसतात, एक उडी घेणारी आणि एक पाऊल पाऊल मोजणारी. लोक टिळकांच्या उडीबद्दल बोलतात. मला लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. त्यांना कोणी पटवले नाही, कोणी ओढले नाही. आपल्या घरातली पाण्याची घागर, स्वयंपाकाची चूल आणि शिवाशिवीचे नियम यांच्याशी एकेक करून झगडत त्या तिथे पोहोचल्या. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे करण्याचे कामही त्यांनीच केले.

टिळकांच्या उत्तरायुष्यातली एक गोष्ट मात्र धर्मांतराच्या वादात कोणीच काढत नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचे मंडळ स्थापन केले. त्यात ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या या कवीला बावीस वर्षांच्या ख्रिस्ती जीवनानंतर असे वाटू लागले होते, की मोजायची गोष्ट विधी ही नाही, गुरूमागे चालत राहणे ही आहे. मिशनच्या चौकटीतून बाहेर पडणे म्हणजे ठरलेले उत्पन्न सोडणे, तेही साठीच्या उंबरठ्यावर. ९ मे १९१९ला ते गेले, त्यामुळे दरबार फार पुढे जाऊ शकला नाही. बाप्तिस्म्याला अवाजवी महत्त्व देणाऱ्या दोन्ही पक्षांना टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेले हे उत्तर मला अजून पुरेसे वाटते. बाप्तिस्म्याला त्यांनी कमी लेखले नाही. त्याला त्याच्या जागी ठेवले.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही सारी चर्चा बाप्तिस्म्यावरच अडली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि महाराष्ट्राने त्यांच्यावर कायमचा शिक्का मारला. १८८९ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शारदासदन या स्त्रियांच्या शाळेच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे १८९३ मध्ये बाहेर पडली, ती तिथल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून. पण बाई त्या वादानंतर आणखी जवळपास तीस वर्षे जगल्या आणि त्यांनी त्या तीस वर्षांत काय केले, याचा हिशेब मांडला तरच त्यांची श्रद्धा काय होती हे कळते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. पुन्हा १९००च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आणल्या. मुक्तीचे सदन त्यातून उभे राहिले आणि हजारावर स्त्रिया व मुली तिथे राहू लागल्या, शिकू लागल्या, विणकाम, शेती आणि छपाई करू लागल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले, कारण उपलब्ध मराठी केडगावच्या शेतकरी बायकांच्या तोंडात बसत नव्हते. खिळे जुळवायला सदनातल्याच मुली होत्या. या काळात बाईंना ऐकू येईनासे होत गेले होते. जिने त्यांचे काम पुढे चालवायचे होते आणि जिने निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा उघडली होती, ती एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. बाईंनी भाषांतर हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ला त्यांनी देह ठेवला. त्यांच्या बाप्तिस्म्यावर लिहिलेल्या लेखांचा ढीग मोठा आहे. या भाषांतराच्या सतरा-अठरा वर्षांवर कोणी फारसे लिहीत नाही, तरी शिष्यपणाचे मोजमाप तिथेच होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. दुष्काळात धान्य देऊन, आजारात औषध देऊन, भूकंपात पत्रे देऊन माणसे ख्रिस्ती केली गेली, असा तो आक्षेप. दुष्काळाच्या वर्षांत मिशनच्या मंडळ्यांतील संख्या फुगत होती आणि पाऊसपाणी झाल्यावर काहीजण परत जात होते, हे खरे आहे. त्याची लाज ख्रिस्ती समाजाने बाळगली पाहिजे असे मला वाटते. किल्लारीसारख्या जागी, ज्याचे घर, बायको, मुले ढिगाऱ्याखाली आहेत अशा माणसाला ताडपत्री देताना त्याच्या श्रद्धेविषयी एक शब्द काढणे हे निर्दय आहे. ते त्या माणसाशी जितके बेइमानीचे, तितकेच ख्रिस्ताशीही, कारण ज्याने किंमत मोजायला सांगितले त्याचे नाव घेऊन असे करणारे लोक किंमत मोजण्याच्या स्थितीत नसलेल्याला बोलावतात. आणखी एक गोष्ट. अशा आपत्तीनंतर ती कोणाच्या पापाची शिक्षा होती हे सांगणारे सर्व धर्मांत उगवतात. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख येतो. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न येशू स्वतःच काढतो आणि साफ नाही म्हणतो. मग तो ऐकणाऱ्यांनाच स्वतःच्या जगण्याकडे पाहायला सांगतो. किल्लारीच्या मेलेल्यांवर प्रवचन द्यायची परवानगी त्याने शिष्यांना दिलेली नाही. पण या आक्षेपाचे टोक जिथे जाते तिथे मी जाणार नाही. दुष्काळात आलेला प्रत्येकजण पोटासाठीच आला आणि म्हणून त्याची श्रद्धा खोटी, हा निष्कर्ष पहिल्या दिवसावरूनच काढलेला आहे. जे धान्य संपल्यावरही थांबले, ज्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढ्या आजही नगर आणि जालना जिल्ह्यांतील लहान लहान मंडळ्यांत रविवारी उपासनेला बसतात, त्यांच्या पणजोबाला मिळालेल्या ज्वारीवरून त्यांची श्रद्धा मोजायची ही कसली रीत?

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. चिकाटी ही काही ख्रिस्ती माणसाची मिरासदारी आहे काय? अजिबात नाही, आणि किल्लारीच याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी वर्षानुवर्षे उचलली. ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते हराळीला गेले आणि तिथेच राहिले. त्यांची शाळा आजही चालू आहे. स्वयं शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले आणि घरदुरुस्तीचे काम त्यांच्या हातात दिले. चर्चच्या मदतसंस्थाही त्या भागात होत्या, पण यांच्याहून त्या अधिक निष्ठावान होत्या असा दावा मी करणार नाही. वारी चुकू नये म्हणून पेरणीचे गणित बसवणाऱ्या वारकऱ्याच्या महाराष्ट्रात निष्ठा शिकवायला परदेशातून कोणी यायला नको. ख्रिस्ती शिष्यत्वाचे वेगळेपण मला कष्टांच्या प्रमाणात दिसत नाही, ते कष्टांच्या कारणात दिसते. आपण चालत राहिल्याने देव आपल्याला स्वीकारेल असे हा शिष्य मानत नाही. आपल्याला आधीच स्वीकारले गेले आहे, म्हणून चालावे असे तो मानतो. पुण्य साठवण्याची चिंता त्याच्या डोक्यावर नसते, म्हणून पेत्रासारखा पडल्यावर तो परत येऊ शकतो. ही श्रद्धा ज्याला पटत नाही त्याच्यावर ती लादण्याचे कारण नाही, पण तिच्यातून उभे राहिलेले काम तपासून पाहण्याचे कारण जरूर आहे.

ते काम किल्लारीपासून फार लांब नाही. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांना लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. व्हेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतलेले हे दांपत्य शहरात सहज स्थिरावले असते. आल्यानंतर दोनच वर्षांत १९७२चा दुष्काळ पडला. तेव्हा त्यांनी दवाखाना बाजूला ठेवून विहिरी आणि मुलांचे जेवण यांची व्यवस्था लावली, कारण पाण्यावाचून औषध व्यर्थ आहे हे त्यांना दिसले. गावांतल्या निरक्षर, पुष्कळदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातून बाळंतपण करून घेण्याची वेळ गावावर आली आणि जात त्या खोलीत टिकू शकली नाही. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तिथला बालमृत्युदर १९७१ मध्ये हजारी १७६ होता, १९९०च्या दशकात तो तिसाच्या खाली आला. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा बहुतेकांनी कृतार्थ होऊन निरोप घेतला असता. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये, आणि दोघेही शेवटपर्यंत याच कामात होते. आपण हे का करतो, हे त्यांनी लपवले नाही. ख्रिस्ताच्या मागे जायचे म्हणजे या गावांत राहायचे, असे त्यांना वाटत होते. ज्या गावांनी त्यांचे ऐकले त्यांतल्या बहुसंख्य घरांत आजही विठोबाच आहे आणि त्याबद्दल प्रकल्पाने कधी तक्रार केल्याचे दिसत नाही.

ख्रिस्ती समाजाच्या आतूनही एक प्रश्न येतो. तारण कृपेने मिळते, कर्माने नाही, हे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत लहानपणापासून शिकवले जाते. मग या चिकाटीवर एवढा भर का? या प्रश्नाला सर्वांत कठोर उत्तर जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली शिष्यत्वावरच्या आपल्या पुस्तकात दिले. ज्या कृपेसाठी जगण्यात काहीच बदलावे लागत नाही, तिला त्यांनी स्वस्त कृपा म्हटले आणि तिने मंडळीचा घात केला असे सांगितले. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची सोय झाली असताना ते काही आठवड्यांत जर्मनीला परतले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फासावर दिले. किल्लारीतल्या जुन्या भिंती का कोसळल्या, याचे अभियंत्यांनी दिलेले कारण इथे आठवते. जाड भिंत म्हणजे दगडांचे दोन उभे थर असत आणि मधे माती व बारीक दगड भरलेले. दोन्ही थरांना आरपार जोडणारा लांब दगड घातलेला नसे, त्यामुळे हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटून बाहेर फुगले. श्रद्धा आणि आचरण यांचे दोन थर असेच शेजारी शेजारी उभे राहू शकतात आणि वर्षानुवर्षे मजबूतही दिसतात. रविवारी कृपेची गाणी आणि सोमवारी गावातल्या इतरांसारखाच जातीचा, हुंड्याचा, सावकारीचा व्यवहार, अशी मंडळी पाहायला फार दूर जावे लागत नाही. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात भिंतीला मधून मधून आरपार दगड घालायला शिकवले गेले. रोजच्या जगण्यात केलेली, कोणाला न दिसणारी निष्ठा हाच तो दगड आहे, असे मी म्हणेन.

चिकाटीच्या नावाखाली फार अन्याय सोसायला लावला गेला आहे, याचाही विसर पडू नये. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात टिकून राहा, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहा, आपला वधस्तंभ उचल, असे बायकांना सांगणारे पाळक होते आणि आहेत. रमाबाईंचे चरित्र याला चांगले उत्तर आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. त्यांच्याशी रमाबाईंचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात इंग्लंडच्या चर्चच्या अधिकाराला त्यांनी मान झुकवली नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपच्या हाती देण्यासाठी मी ब्राह्मणांच्या हातातून सोडवून आणलेली नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. ख्रिस्ताशी निष्ठा म्हणजे संस्थेशी निष्ठा नाही. पाळकाच्या शब्दाशी तर मुळीच नाही. संस्था टिकणे आणि शिष्यपण टिकणे यांतही फरक करावा लागतो. जुन्या मिशनच्या जमिनी, इमारती आणि विश्वस्तपदे यांवरून ख्रिस्ती संस्थांत कोर्टकचेऱ्या चालतात, त्यांत गुंतलेली माणसेही फार चिवटपणे टिकून राहतात. त्या चिवटपणाला मी या लेखातल्या कोणत्याही नावाशेजारी बसवणार नाही.

आणि अखेरीस एक किंमत अशी, जी भारतीय राज्यघटनेच्या चौकटीत राहून आजही मोजावी लागते. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मांग किंवा महार कुटुंबातून ख्रिस्ती झालेल्याची जात गावाच्या लेखी जशीच्या तशी राहते, पण सरकारच्या लेखी तो अनुसूचित जातीचा उरत नाही. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतले आरक्षण, राखीव जागेवर निवडणूक लढवण्याचा हक्क, हे सारे त्या एका नोंदीवर अवलंबून असते. त्यामुळे अनेक घरांत उपासना एका नावाने आणि दाखला दुसऱ्या नावाने, असे जगणे चालते. ज्यांना स्वतःला काही गमवावे लागलेले नाही, त्यांनी या घरांना भित्रे म्हणू नये. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती आणि २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. धर्म बदलल्याने अस्पृश्यता पुसली जात नाही, हे मराठवाड्यात कोणालाही आयोगाशिवाय दिसते. माझ्या मते हा परिच्छेद रद्द व्हायला हवा. ज्यांना आमिषाची खरोखर चिंता आहे त्यांनी तर ही मागणी आधी केली पाहिजे, कारण हा नियम धर्माचा निर्णय शिष्यवृत्तीच्या अर्जाला बांधून ठेवतो आणि माणसाला खोटे लिहिण्याचा मोबदला देतो.

मराठवाड्यातल्या मंडळ्यांकडून अपेक्षा मात्र सरकारवर अवलंबून नाहीत. वार्षिक अहवालातून बाप्तिस्म्यांची संख्या काढून टाकावी. त्या जागी दहा वर्षांपूर्वी ज्यांना मंडळीत घेतले ते आज कुठे आहेत, त्यांच्यापैकी कोणाची मुले शाळेतून गळाली, कोणाला वाळीत टाकले गेले आणि तेव्हा मंडळी त्यांच्या दाराशी गेली की नाही, हे लिहावे. बाप्तिस्मा मागायला आलेल्याला आरक्षणापासून नातेवाइकांपर्यंत काय काय जाऊ शकते, हे आधी स्पष्ट शब्दांत सांगावे आणि त्याला परत पाठवून विचार करायला वेळ द्यावा. आपत्तीतल्या मदतीचा हिशेब गावाच्या ग्रामसभेत सर्वांसमोर ठेवावा आणि मदत घेणाऱ्यांच्या यादीत धर्माचा रकानाच असू नये.